वरची खोली मोडण्याआधी

मी, गुणवंत हरिदास सातपुते, वय ७९, निवृत्त सरकारी सुतार, राहणार नोएडा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं वरच्या मजल्यावरच्या पुस्तकांनी शिकवलं.

१. माझं दुमजली घर स्वकष्टार्जित आहे. वरच्या खोलीत थोर लेखिका कुसुमावती नेरलेकर अखेरपर्यंत भाड्याने राहिल्या. बाई लिहायला बसल्या की आम्ही खाली कुकर लावत नसू. भात पातेल्यात शिजे. आपल्या डोक्यावर पुस्तक जन्माला येतंय, या विचाराने अंगावर काटा यायचा. अजून येतो. त्यांच्यामागे चष्मा, पाट, मी करून दिलेलं बैठं मेज, सगळं जागच्या जागी ठेवून खोली लोकांना खुली केली. परीक्षेची तयारी करणारी गावाकडची मुलं येतात आणि आपोआप हळू बोलायला लागतात.

२. खालचा मजला व बँकेतली शिल्लक मुलगा नीरज यास. तो म्हणतो, "बाबा, बिल्डरला देऊन टाकू यार. बाईंचा फोटो लावू ना लिफ्टपाशी!" पोरगा वाईट नाही, व्यवहारी आहे.

३. मेहुणे दिनकरराव चारचौघांत म्हणाले होते, "भाडेकरणीच्या चपला पूजतोस!" त्यांना काही नाही. फक्त एकदा वर न्यावं, त्यांच्या चपला बाहेर काढायला लावून.

४. वरचा मजला, जिना आणि माझी हत्यारांची पेटी सून स्वरूपा हिला. पावसाळ्यात खिडकी फुगते, तेव्हा रंधा लागेल. तिलाच का, ते सांगतो. ती दिल्लीत वाढलेली, मराठी अडखळत वाचते. एकदा बाईंचं पुस्तक घेऊन आली.

"बाबा, हुरहूर म्हणजे?"

"काळजी."

"नाही, इथे बसत नाही."

"मग आठवण?"

"तो तर वेगळा शब्द झाला ना!"

तिला वर नेलं, रिकाम्या पाटासमोर उभं केलं. तिने पाट पाहिला, मेजावरचा चष्मा पाहिला. मग ओढणी डोळ्यांना लावून म्हणाली, "अच्छा... ही." जन्मभर लाकूड तासलं, पण चार भिंतींत शब्द राहतो हे त्या दिवशी पाहिलं.

५. पुढेमागे कोणाला ही खोली मोडायची झालीच, तर आधी त्याने 'हुरहूर'च्या जागी बसेल असा शब्द आणावा. कुठल्याही भाषेतला चालेल. तो स्वरूपाला पटला पाहिजे. तोवर भिंतीला हातोडा लावू नये. नीरज, शोध बाळा. घाई नाही.

स्थळ : नोएडा
दिनांक : १२ जानेवारी २०२५

(सही) गुणवंत हरिदास सातपुते

गुणवंतरावांनी आमच्यादेखत, हसतमुखाने सही केली.
साक्षीदार : १. जयंत वाळिंबे २. डॉ. अहिल्या मोकाशी