आरुषीची उजळणी

अहो,

नळ फुसफुसला तेव्हा कुठं वहीतून डोकं वर काढलं. पिंप भरलंय. तारिहाळहून, कामावरून आलात की मोठं पातेलं तेवढं भरून घ्या. भाकऱ्या डब्यात आहेत. आम्ही दोघी मळमड्डीला पद्माअक्काकडं चाललोय, तिला जपानी येतं ना, परीक्षेआधी ती आज माझं ऐकणार आहे.

एक चूक कबूल करते. नुसते व्हिडिओ बघून डोक्यात काही राहत नव्हतं, म्हणून महिनाभर रोजचा धडा मी आरुषीलाच मोठ्यानं शिकवला. शिकवलं की माझं पक्कं व्हायचं. पण तिचंही झालं. शंभरपर्यंत आकडे म्हणते, बाहुलीला 'कुठं दुखतंय?' असं जपानीत विचारते. तिला वाटतंय, आपण दोघी जपानला जाणार. म्हाताऱ्यांच्या देखभालीच्या त्या नोकरीवर लेकरू नेता येत नाही, हे तिला वेळेत सांग, असं तुम्ही म्हणाला होतात. मी सांगितलं नाही. माझा अभ्यास छान चालला होता ना.

उद्यापासून पहाटे एकटीच बसेन. आज वाटेत तिला सांगते.

आता ती चप्पल घालून दारात उभी आहे. विचारतेय, "आई, माझी परीक्षा कधी?"