तू बांधलेली दोरी

प्रिय चिमे,

गेल्या वर्षी माझ्या लेकीकडे सहा महिने राहून तुला हा देश पाठ झालाय. तरी माझं मत ऐक.

आवडलं ते आधी. रस्त्यावर पाऊल टाकलं की मोटारी थांबतात. बस मिनिटावर येते, चालक प्रत्येकाकडे हसून बघतो. मला मात्र त्याने तुझी खुशाली विचारली. पदवीला इंग्रजी मी घेतलेली, आणि माझं बोलणं त्याला दोनदा सांगावं लागतं. तुझं कसं कळायचं, देव जाणे.

आवडलं नाही ते असं. शेजारी जायचं तर आधी विचारायचं. घरभर गालिचा, पाणी ओतून फरशी धुण्याची सोय नाही. बाथरूममध्ये तेवढी फरशी दिसली, म्हणून दोन बादल्या ओतून खसाखसा घासली. मग कळलं, जमिनीला मोरीच नाही. पाणी खालच्या बाईंच्या पलंगावर. जावई बिचारे गुडघ्यावर बसून टिपत होते. एवढंच म्हणाले, "मावशी नुसतं ओल्या फडक्याने पुसायच्या." इतकी वर्षं शाळा चालवली, पण असं कुणी मला सुनावलं नव्हतं.

त्याच भरात टबावरची तुझी कपडे वाळत घालायची दोरी सोडली. परकराच्या नाड्या जोडून केलेली, घरात शोभते का ती? नातीने भोकाड पसरलं, "छोट्या आजीची दोरी!" पुन्हा बांधायला गेले, तर तुझी ती गाठ मला जमेना. शेवटी लेकीने मारली. तू शिकवली होतीस म्हणे. मी तिला पाढे शिकवले, ते कुणाला आठवत नाहीत.

आता मुद्द्याचं. लेकीला तिसरा महिना लागलाय. काल म्हणाली, "आई, तू दमतेस गं. बाळंतपणाला मावशीलाच बोलावू?" मी म्हटलं, "बोलाव की." दुसरं काय म्हणणार? रविवारी ती तुला फोन करेल. गुडघ्यांचं निमित्त सांग आणि नाही म्हण. गेल्या वर्षी नातीला सांभाळायला मला शाळा सोडवेना, म्हणून मीच तुला धाडलं, हे विसरलेले नाही. तरी नाही म्हण. इथल्या भिंती पातळ, फोनवर हे बोलता येत नाही. म्हणून उद्या गावी निघालेल्या एका गृहस्थांच्या हाती हे पत्र देते. वाचून फाडून टाक. आणि ती गाठ कशी मारायची, तेवढं चित्र काढून पाठव.

आजवर तुला फक्त हुकूम सोडणारी,
तुझीच ताई