ओल्या दगडावरचं फूल

प्रिय सुजीत,

'प्रिय' रीत म्हणून लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. परवा तुझा मेसेज आला, 'देवीने उजवा कौल दिला, आता लग्न करू.' वाचून मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये इतकी हसले की शेजारच्या सलोनीला वाटलं ठसका लागला. उत्तर मुद्दाम कागदावर देतेय. मोबाइलवर दिलं असतं तर ते उघडू की नको हेही तू गावदेवीला विचारलं असतंस.

अकरा वर्षं झाली. तू चिंचणीच्या चिकूवाडीवाल्यांचा एकुलता एक, मी दातिवऱ्याच्या मच्छीवालीची पोर, नि बोईसरच्या कंपनीत दोघं एकाच शिफ्टला. तुझ्या आईला आमच्या टोपलीचा वास सहन होणार नव्हता, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही कळत होतं. तू तेवढं सरळ सांगितलं असतंस तर मी चार दिवस रडले असते नि मोकळी झाले असते. पण तू म्हणालास, देवीला विचारू.

पहिला कौल मी विसरलेले नाही. भर श्रावणात मला सोबत नेलंस. पुजारी धर्माजीकाकांनी देवीला नुकतीच आंघोळ घातलेली, दगड ओलागच्च. तिच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल लावलं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. दोन तास झाले, एकही हलेना. तू हात जोडून म्हणालास, देवी विचारात आहे. अरे, ओल्या दगडाला फूल चिकटतं! बोंबील वाळत घालणाऱ्या घरातल्या मुलीला ओलं नि सुकं एवढं तरी कळतं. पण तुझ्या चेहऱ्यावर सुटका दिसली नि मी गप्प बसले. एक प्रश्न वर्षातून एकदाच विचारायचा, असा तुमच्याकडचा नियम. म्हणजे तुला वर्षभर सुट्टी.

मग दर वर्षी तेच. कधी फूल चिकटून राहिलं, कधी डावं पडलं, नि तुझं पालुपद ठरलेलं, देवावर भरवसा ठेव, धीर धर. मधल्या काळात तू मोटरसायकल काळी घ्यायची की लाल, हेसुद्धा कौल लावून ठरवलंस. तुझी आई गेली, तिचं वर्षश्राद्ध झालं, अडवणारं कुणी उरलं नाही, तरी तू आपला देवळात उभाच. माझ्या आईने आणलेली तीन स्थळं मी परत धाडली. त्यातल्या नीलेशच्या आज दोन बोटी आहेत. हे टोचायला नाही, माहितीसाठी सांगतेय. बरं, टोचायलाच सांगतेय.

आणि भरवसा म्हणजे काय ते तू मला शिकवू नकोस. मी सात वर्षांची असताना बाबांची बोट वादळात आठ दिवस बेपत्ता होती. आई रोज संध्याकाळी देवीपुढे दिवा लावायची, नि दिवसा बंदराबंदरावर जाऊन परतलेल्या बोटवाल्यांना विचारायची. सुकी मच्छी घेऊन पालघरचा बाजारही तिने चुकवला नाही. बायका म्हणायच्या, देवीवर सोड. ती म्हणायची, "देवीवरच सोडलंय, पन पोरांना जेवान मलाच घालायला लागतं." बाबा आले. ते न येते तरी तिने दिवा लावणं थांबवलं नसतं, हे मला ठाऊक आहे. तिने हात जोडले होते, बांधले नव्हते. तू मात्र देवीच्या पदराआड लपून बसलास नि त्याला श्रद्धा म्हणालास. मला तुझी कीव यायची, कधी कधी किळसही.

मग तू का थांबलीस, असं विचारशील. मीही त्याच देवीच्या जत्रेला दर चैत्रात येत होते, बायकांच्या रांगेत सगळ्यांत मागे. कौल कधी लावला नाही. नुसतं सांगून यायचे, बाई, हा एकदा तरी तुला न विचारता माझ्याकडे येऊ दे. अकरा वर्षं एवढंच मागणं. तिने काही ऐकलं नाही नि मी काही सोडलं नाही. त्यामुळे परवाचा तुझा तो 'उजवा कौल' वाचून मी हसले, त्या हसण्यात आनंद बिलकूल नव्हता.

काल बोईसरच्या बाजारात धर्माजीकाकांची बायको, हंसाकाकी भेटली. माझा दंड धरून म्हणाली, "त्या सुजीतला काय झालंय गो? फूल डावं पडलं, मी माज्या डोल्यांनी बघितलं. त्यानं उचललं, खिशात घातलं नि मला सांगतो, काकी, उजवं पडलं हाय." मी तिथेच कांद्याच्या ढिगाशेजारी उभी राहून रडले. खोटारड्या! अकरा वर्षांत पहिल्यांदा तू देवीचं ऐकलं नाहीस, नि ते डावं फूल पाडून तिने माझं ऐकलं. सोमवारी अकरा वाजता पालघरच्या विवाह नोंदणी कार्यालयात ये. नोटीस दिल्यावर महिनाभर थांबावं लागतं म्हणे. तेवढं जमेल आपल्याला. येताना ते फूल घेऊन ये, एव्हाना सुकलं असेल.

तुझीच (हे कुणालाही न विचारता),
मेघाली