बावीस चाके मोजून झाली तो दिवस

सुगत,

तुला उठवले नाही. शर्ट धुवायला टाकताना खिशात तुझी पगाराची पावती सापडली. ठरलेला रस्ता सोडून साकोलीहून सानगडीला ट्रक नेला म्हणून चार हजार कापले, पुन्हा असे झाले तर कामावरून काढू, असे तिच्यात लिहिले आहे. तारीख वाचली, पोरांनी चाके मोजली तोच दिवस.

त्या दिवशी फोन मीच केला होता. "साकोलीवरूनच चालला ना? दहा मिनिटं गाडी सानगडीले घरापाशी आण. गल्लीतल्या पोरायले चाकं मोजाची आहेत." तू म्हणालास, "बाबा, गाडी कुठी वळली ते कंपनीले दिसते." मी हसण्यावारी नेले. बावीस चाके मोजून झाल्यावर गुड्डी म्हणाली, "काका, आता उलटी मोजू?" तिच्यासाठी तू आणखी थांबलास.

आणि काल जेवताना सुनेसमोर, प्रतीक्षासमोर मी तुला म्हटले, "पगार कुठी उडवून आला?" तू मान खाली घालून जेवत राहिलास. शाळेतल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत कारण विचारल्याशिवाय एकाही पोरावर ओरडलो नाही. तुझ्यावर ओरडलो.

प्रतीक्षाला खरे काय ते सांगितले आहे. सकाळच्या एसटीने तुमच्या ऑफिसात जातो आहे. पैसे परत मिळणार नाहीत, पण गाडी माझ्या सांगण्यावरून वळली हे मॅनेजरला कळू दे.

यापुढे पोरांना मीच हायवेपर्यंत आणीन. तू वळू नको, थांबूही नको. चालत्या गाडीची चाके मोजायला मी त्यांना शिकवीन.

बाबा