आखलेल्या ओळी

सोलापूर, ९ डिसेंबर १९३४

तीर्थरूप आई,
इथूनच वाकून नमस्कार करते.

माझा ताप उतरला, काळजी करू नकोस. मुलं मजेत आहेत. लीलेचं अक्षर आता माझ्याहून वळणदार झालंय.

मी हल्ली पाचवारी नेसते. नऊवारीचं ओझं सोसत नाही, म्हणजे सकाळच्या घाईत नेसायला वेळच कुठे असतो! इकडून नुसतं हसणं झालं.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबांनी पत्र वाचण्याआधी तू ओळी बघतेस आणि वाकड्या दिसल्या की मी आजारी आहे म्हणतेस. बघ, या वेळी किती सरळ आहेत!

तुझीच,
मथू

बाबा, पुढचं तिला वाचून दाखवू नका. ओळी लीलेनं पट्टीनं आखून दिल्यात. दुपारचा ताप अजून येतो. जमलं तर आईला घेऊन या.