गाणाऱ्या गल्लीतली जमीन

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार (मनातल्या मनात, कारण खरोखर वाकले तर मला उठवायला हे धावतील आणि मग आम्हा दोघांना उठवायला शेजारी). तुझे गुडघे कसे आहेत? चौथ्या मजल्याची लिफ्ट सुरू झाली, की अजून 'बंद आहे'ची पाटीच लटकते आहे? गोळ्या जेवणानंतर घेतेस ना? मी अगदी छान आहे. आज तर इतकं हलकं वाटतंय, की सकाळी चहात दोनदा साखर पडली आणि ह्यांनी तो मुकाट्याने प्यायला.

आधी बातमी सांगते. आपण दोघींनी शेजारी शेजारी घरं बांधायची म्हणून मी पसंत केलेले ते दोन प्लॉट घेतलेले नाहीत. घाबरू नकोस. सुटलो आपण.

'तू बघ, माझा तुझ्या डोळ्यांवर विश्वास आहे,' असं तू लिहिलं होतंस. पण मी जागा पसंत केली ती कानांनी. आम्ही त्या गल्लीत पहिल्यांदा गेलो तेव्हा एका घरातून भसाड्या आवाजात प्रेमगीत, समोरून कुणा म्हाताऱ्या बाईंची अंगाई, कोपऱ्यावरून नुसतेच आलाप. हे रस्त्यातच थबकले. (जन्मभर दातांचा दवाखाना चालवलेल्या माणसाला उघड्या तोंडातून गाणंही निघतं याचंच अप्रूप!) "अगं, इथेच राहायचं," म्हणाले. मला आपलं कॉन्व्हेंट आठवलं, जिन्यावर उभी केलेली गाणाऱ्या मुलींची रांग, मागून माझी रिबन ओढणारी तू, आणि माझे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांना जमीन काय दिसणार?

दलाल मोठा गोडबोल्या. प्लॉटवरच्या एका भेगेत ह्यांची काठी मुठीपर्यंत गेली, तर म्हणतो, "जमीन श्वास घेते, डॉक्टरसाहेब." कुंपणाचे खांब एकमेकांशी भांडल्यासारखे चार दिशांना झुकलेले, त्यावर म्हणे इथे वारा छान येतो. आम्ही माना डोलावल्या.

होकार कळवायला गेलो त्या दिवशी प्लॉटशेजारच्या घरातल्या सूनबाईंनी आम्हाला चहाला बोलावलं, आणि चहानंतर मला बाथरूममध्ये जावं लागलं. दार लागेना. ढकललं, खांदा लावला, वाकून वर उचललं. कडी आणि कोयंडा यांची भेटच होईना. बाहेरून त्यांच्या सासूबाई ओरडल्या, "अहो, गा की! गायल्याशिवाय आत कोणी आहे ते कळायचं कसं?"

ताई, अशा वेळी माणूस काय गाणार? मला शाळेची सकाळची प्रार्थना तेवढी सुचली. सगळी कडवी म्हटली. बाहेर आले तर हे आणि सासूबाई दोघंही हात जोडून उभे!

मग सगळा उलगडा झाला. त्या गल्लीखाली काळी चिकण माती आहे. पावसात पाणी पिऊन ती फुगते, उन्हात आकसून फाटते. दरवर्षी घर थोडं उचलते आणि पुन्हा खाली ठेवते. चौकटी तिरक्या होतात आणि गल्लीतल्या एकाही बाथरूमची कडी लागत नाही. "आधी लाज वाटायची," सूनबाई म्हणाल्या, "आता सासूबाई पाहुण्यांसाठी नवीन गाणी बसवतात."

मी तडक अंगणात गेले, मूठभर माती ओली केली आणि तळहातांवर वळली. निसर्गाच्या तासाला सिस्टर आपल्याला बाहेर नेऊन हेच करायला लावायच्या, आठवतं? वाळूची वळी मोडते, चिकण मातीची अंगठी होते. माझी अंगठी झाली. बोटात घातली, एक चीर नाही! ह्यांनी ती चष्मा वर करून पाहिली, मग भिंतीची भेग पाहिली आणि दवाखान्यातल्या आवाजात निदान केलं, "हिरडीच सुजते, दाताचा काय दोष? घट्ट थर लागेपर्यंत खोल पाया न्यावा लागेल. आपल्या वयाला हे रूट कॅनाल झेपायचं नाही." दलालाला तिथल्या तिथे नकार दिला.

तिथून चढ चढून वर गेलो. टेकाडावर मुरूम आहे. वळी हातातच मोडली. खड्ड्यात ओतलेलं पाणी गुमान मुरलं. तिथल्या घरात मी ओळखही न सांगता आधी बाथरूमचं दार लावून पाहिलं. खट्! मला तर रडूच आलं. (मुरमात मला लावायचेत ते गुलाब रुसतील, पण त्यांच्या वाफ्यात खालचीच काळी माती खत घालून भरू. गुलाबांना कड्या लावायच्या नसतात.)

तुझी,
धाकटी

ता. क. टेकाडावर प्लॉट एकच शिल्लक आहे, आणि त्यावर दोन घरं बसत नाहीत. एकच घर, एकच स्वयंपाकघर. मी डबे उघडे टाकते आणि तू ते बंद करताना बडबडतेस, हे मला माहीत आहे.

ता. क. तुझी खोली तळमजल्यावर, पूर्वेच्या खिडकीची. आराखड्यात काढून झाली आहे. हे म्हणतात, "तिला आधी विचार तरी!" म्हणून विचारते आहे.

ता. क. नाही म्हणायचं असेल तर पत्राने कळवू नकोस. इथे येऊन तोंडावर सांग. येताना महिनाभराचे कपडे आण, कारण हल्ली मला नकार ऐकू यायला वेळ लागतो.