विरजण कोणाचं

माय, ऑफिसातून आली तशी हात धुऊन राहिली, तरी किळस जात नाही. तुले सांगितल्याशिवाय जाणारही नाही.

आम्ही इथं भंडाऱ्यात लोकायच्या वेबसाइटी बनवतो. या खेपेले एका मंगल कार्यालयाची होती. लग्नाची तारीख मोबाइलवर निवडता यावी, महिने मराठीत दिसावे, अन् लाखांदूरकडच्या रडक्या नेटवर्कवरही पान उघडावं. असं कॅलेंडर कोणीतरी आधीच करून नेटवर फुकट ठेवलेलं असते. त्याले लायब्ररी म्हणतात, पण पुस्तकायची नाही. ज्याले पाहिजे त्यानं घ्यावं अन् आपल्या पानात लावावं. मी शोधत बसली. बाप्पा, काय तो कचरा! वरून चकचकीत, आत बुरशी. एकाचा मालक कधीचाच सोडून गेलेला, खाली लोकं विचारून विचारून थकले. दुसऱ्याले नुसतं कॅलेंडर मागितलं तर तो साऱ्या गावाचं बिऱ्हाड घेऊन आला. वीट आला अगदी. मग एक सापडलं, लहानसं, स्वच्छ. मराठी महिने चुकत होते म्हणून मी लिहिलं, तर त्या अनोळखी माणसानं दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून दिलं. त्याची अट एकच, पानाखाली माझं नाव राहू द्या.

साहेबाले दाखवलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत म्हणे, "मॅडम, हे खाली कोणाचं नाव होय? काढा न बाप्पा."

"त्यानंच बनवलं, सर."

"तर का झालं? तो पाहाले येते काय इथं? नाव दिसलं तर सोमवारपासून येऊ नका." अन् लगेच गिऱ्हाईकाले फोन लावून, माह्यासमोर, "सारं आमच्याच इथं बनलं, एकूणएक!" नोकरी त्याच्या तोंडावर फेकावी वाटली. पण हे काम करणारं दुसरं ऑफिस इथं नाही, अन् लेकीची शाळा इथंच आहे.

तवा मले आसगावचं आपलं सैपाकघर आठवलं. पाहुणे जेवून राहिले आहेत. मामी म्हणते, दही मस्त लागलं, अन् मी ऐटीत सांगते, आमच्या घरचं आहे. तू चुलीपासूनच बोलतेस, "विरजण शेजारच्या काकीचं आहे." पाहुणे गेल्यावर मले धरलंच तू. "दूध आपलं, विरजण तिचं. सांगाले तोंड दुखते काय तुह्यं?" किती राग आला होता तुह्या. एवढ्याशा विरजणासाठी सर्वायसमोर!

तर माय, मी नाव काढलं नाही. तू खूश झाली असती, म्हणून ही चिठ्ठी इथंच थांबवणार होती. तू गेल्यावर ही धाडाची तर कुठंच नाही, मग खोटं कायले लिहू? नाव जागच्या जागी आहे. मी फक्त अक्षरायचा रंग पांढरा केला. पानही पांढरंच आहे.